‘जावई लेखी देतोय, मुलीला परत पाठवू का?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून):

‘मी निवृत्त आहे. मुलगी एकतीस वर्षांची, लग्नाला आठ वर्षं झाली, सहा वर्षांचा मुलगा आहे. जावई खासगी कंपनीत कायम नोकरीला आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हात उचलतो. मुलगी दोनदा निघून आली, दोन्ही वेळा मीच समजूत घालून तिला परत नेऊन सोडलं. आता तिसऱ्यांदा आली ती मनगट मोडून. दवाखान्यात तिने “पायरीवरून घसरले” असं सांगितलं, कारण जावई शेजारीच उभा होता. पोलीस ठाण्यात एन.सी. लिहून घेतली. महिला कक्षात दोन बैठका झाल्या, तिथे जावयाने पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून दिलं. पाठोपाठ त्याच्या वकिलाची “नांदायला या” अशी नोटीस आली. घर सासूच्या नावावर आहे, मुलीचे दागिने सासूच्या कपाटात. नातेवाईक म्हणतात, सरळ ४९८ लावा, आत गेला की ताळ्यावर येईल. माझा भाऊ म्हणतो, कोर्टात दहा वर्षं जातील, त्याची नोकरीही जाईल, लेखी देतोय तर शेवटची संधी द्या. मुलीचा संसार मोडल्याचं पाप मला नको. काय करू?’

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात जावई बोलतो, त्याचा वकील बोलतो, तुमचा भाऊ आणि नातेवाईक बोलतात. मुलगी मात्र सबंध पत्रात एकच वाक्य बोलते, ‘पायरीवरून घसरले’. आणि ते वाक्यही तिने भीतीपोटी बोललेलं आहे.

म्हणून कायद्याकडे वळण्याआधी तुम्हाला एक विनंती करते. तिला काय हवंय ते विचारा. ‘परत जायचंय का?’ असं मात्र विचारू नका. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं, आणि दोनदा परत सोडली गेलेली मुलगी ते उत्तर बापाच्या चेहऱ्याकडे बघून देते. कुठे राहायला आवडेल, मुलाच्या शाळेचं काय करायचं, नवऱ्याशी बोलायची इच्छा आहे का, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असं एकेक विचारा. उत्तर यायला चार दिवस लागले तरी चालेल. कायद्याकडे या प्रत्येकासाठी वेगळी सोय आहे, पण काय मागायचं ते तिच्याकडूनच यायला हवं.

तुमच्या पत्रात दोनच वाटा दिसतात. जावयाला आत टाकायचं, नाहीतर मुलीला परत पाठवायचं. बहुतेक घरांत हेच दोन पर्याय बोलले जातात, आणि दोन्ही नकोसे वाटतात म्हणून काहीच होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं होतं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र शंभरात १४ च्या आसपास. बाकीच्या कशाला घाबरल्या असतील, ते तुमच्या घरातलं बोलणं वाचून कळतं.

या दोन वाटांच्या मधोमध कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बोलताना आपण त्याला ‘डीव्हीची केस’ म्हणतो आणि ‘केस’ म्हटलं की अटक डोळ्यांसमोर येते. पण या कायद्याखाली अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जातो, तरी मागण्या दिवाणी स्वरूपाच्या असतात. मारू नको, तिच्या जवळ फिरकू नको, घरातून काढू नको, खर्चाला पैसे दे, मूल तिच्याकडे राहू दे, तिच्या वस्तू परत कर. घटस्फोट मागावा लागत नाही. नवऱ्यासोबत राहायचं आहे आणि मार नको आहे, एवढंच जरी तिचं म्हणणं असेल, तरी ते घेऊन ती कोर्टात जाऊ शकते.

आता त्या लेखी हमीकडे येऊ, कारण तुमचं सगळं मन तिथे अडकलेलं दिसतं. महिला कक्षात लिहून दिलेला तो कागद पुरावा म्हणून नक्की कामाला येईल. हात उचलल्याचं त्याने एका अर्थी त्यात कबूलच केलंय, तेव्हा त्याची प्रत आजच मागून घ्या. पण त्याने उद्या ती हमी मोडली तर? निव्वळ कागद मोडल्याबद्दल त्याला काहीही होत नाही. मुलीने पुन्हा ठाण्यात जायचं, पुन्हा तक्रार द्यायची, पुन्हा बैठक. हेच शब्द न्यायदंडाधिकाऱ्यांनी संरक्षण आदेश म्हणून दिले, तर ते मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि आदेश मोडला गेला हे एकट्या तिच्या साक्षीवरही कोर्ट मान्य करू शकतं. हा आदेश साधारणपणे ती स्वतः रद्द करून मागत नाही तोवर टिकतो.

त्यामुळे ‘तो लेखी देतोय’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच असेल की मग कोर्टासमोर द्यावं. मनापासून लिहिलं असेल तर तेच शब्द आदेशात यायला त्याची हरकत नसावी. हरकत असली, तर ती हमी किती खरी होती तेही तुम्हाला कळेल, आणि मुलीला परत न पाठवता कळेल.

समुपदेशनाबद्दलही एक सांगावंसं वाटतं. त्या बैठकांत काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे वाक्य अशा खोल्यांमध्ये फार सहज बोललं जातं. याच कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत कोर्टाने नेमलेल्या समुपदेशनाविषयी स्पष्ट लिहिलंय, की हिंसेचं कसलंही समर्थन प्रतिवादीने तिथे करायचं नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. जेवण वेळेवर नव्हतं, उलट बोलली, फोनवर असते, यातलं काहीही मनगट मोडल्याचं कारण म्हणून ऐकून घ्यायचं नाही. पुढे कुठलीही बैठक झाली तर हे लक्षात असू द्या, आणि तिथे तिच्या वतीने बोलायची घाई करू नका.

घर सासूच्या नावावर आहे म्हणून मुलीचा तिथे हक्क नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तसाच होता, म्हणून हा समज अजून टिकून आहे. पण १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो मोडीत काढला. सून ज्या घरात नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी ते ‘सामाईक घर’ ठरू शकतं आणि तिथे राहण्याचा आदेश ती मागू शकते. मालकी तिला मिळत नाही, आणि वृद्ध सासूच्या हक्काचाही कोर्ट विचार करतं. तिला त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटत असेल, तर नवऱ्याने तशाच दर्जाची दुसरी जागा द्यावी किंवा भाडं भरावं अशी मागणी करता येते. माझ्या मते तिच्याबाबतीत हीच मागणी जास्त शहाणपणाची ठरेल. पण निर्णय तिचा.

दागिने स्त्रीधन आहेत. ते परत करण्याचा आदेश मिळतो, आणि तोवर ते विकू नयेत म्हणून मनाईही मागता येते. लग्नातले फोटो, पावत्या, कोणी काय घातलं त्याची यादी काढायला बसा. हे काम तुमच्याइतकं नीट कोणी करणार नाही.

पैशांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलीच्या मनात तो विषय असणारच. तिच्यासाठी आणि मुलासाठी दरमहा खर्च मागता येतो. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असं ठरलं आहे. म्हणजे अर्ज जितका लांबेल तितके महिने तिच्या हातून जातील. जावई पगारदार आहे ही जमेची बाजू. त्याने पैसे दिले नाहीत, तर कोर्ट त्याच्या कंपनीलाच पगारातून परस्पर पैसे द्यायला सांगू शकतं. त्याची नोकरी टिकण्यात तुमच्या मुलीचाही फायदा आहे, हे भावाला सांगा.

भावाचं दुसरं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. कोर्टात वेळ जातो. कायदा म्हणतो पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात महिने जातात, काही ठिकाणी वर्षं. नोटीसच बजावली जात नाही, समोरचा वकील मुदत मागतो, न्यायाधीश बदलतात. दर तारखेला पोराला कुणाकडे तरी ठेवून जायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं, यात बाईचं मन खचतं. याला उत्तर एकच, सगळी भिस्त अंतिम निकालावर ठेवू नका. मूळ अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम अर्ज शपथपत्रासह द्यायचा. धोका मोठा असेल तर समोरच्याची वाट न बघता एकतर्फी आदेशही देता येतो. मार थांबवण्याचा आदेश आणि महिन्याचा खर्च या दोन गोष्टी लवकर हातात पडल्या, की पुढच्या तारखा सोसवतात. अर्जात त्याचा घरचा आणि कंपनीचा असे दोन्ही पत्ते द्या, आणि नोटीस बजावली गेली की नाही याचा स्वतः पाठपुरावा करा. आदेशाची प्रत कोर्टाने मोफत द्यायची असते, त्या भागातल्या पोलीस ठाण्यालाही जायची असते. ती पोहोचली का ते बघून या.

अर्ज तुमच्या गावच्या कोर्टात करता येतो. ती तात्पुरती का होईना, जिथे राहते तिथलं कोर्ट चालतं. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातच त्यांचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटून घरगुती घटनेचा अहवाल भरून घ्या. तो नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे, तेव्हा अधिकारी भेटत नाहीत म्हणून अर्ज अडवून ठेवू नका.

‘पायरीवरून घसरले’ हा कागद आता तुमच्या विरुद्ध वापरला जाईल. त्याची भीती बाळगण्यापेक्षा तोच आधी समोर ठेवा. शपथपत्रात तिने सरळ लिहावं, की नवरा शेजारी उभा होता, म्हणून मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, आणि खरं असं घडलं. अशा बायका खोटं का बोलतात हे कोर्टाला नवीन नाही. पण पुढे उलटतपासणीत ते उघडं पडलं तर तिच्या सगळ्याच बोलण्यावर शंका येते. एक्स-रे, प्लास्टर केल्याच्या नोंदी, त्या आठवड्यात तिने कुणाला केलेले मेसेज, हे जपा. मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, पुसू नका. एन.सी.ची प्रतही घ्या. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करत नाहीत. ‘आम्ही पोलिसांत केस केलीय’ या समजुतीत अनेक घरं वर्षभर वाट बघत बसतात. तरीही त्या दिवशी ती ठाण्यात गेली होती याचा तो पुरावा आहे.

आता ४९८, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचं कलम ४९८-अ. भारतीय दंड संहितेत हे कलम १९८३ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मनगट मोडेपर्यंत मारणं हा गुन्हा आहे आणि तिला तो नोंदवायचा असेल तर तिला पूर्ण हक्क आहे. तिच्या वतीने तुम्हीही फिर्याद देऊ शकता, आणि २०१९ च्या एका निकालानंतर ती माहेरच्या गावीही नोंदवता येते. पण नातेवाईक म्हणतात त्या कारणासाठी करू नका. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांना अशा प्रकरणात सरसकट अटक करता येत नाही. आधी नोटीस देऊन बोलावतात, अटक गरजेची का आहे ते लिहावं लागतं. ‘आत गेला की ताळ्यावर येईल’ ही आशा पहिल्याच आठवड्यात फोल ठरू शकते. शिवाय तो खटला सरकारचा असतो, तुमची मुलगी त्यात साक्षीदार असते. पुढे मन बदललं तर एकटीच्या इच्छेने तिला तो थांबवता येत नाही. हे सगळं माहीत करून घेऊनही तिला तीच वाट हवी असेल, तर तिच्यामागे उभे राहा.

फिर्याद द्यायची ठरलीच, तर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या नणंदेचं नाव रागाने घालू नका. कुणी कधी काय केलं हे न सांगता सगळ्या कुटुंबाची नावं घालण्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कडक शब्दांत बोट ठेवलंय. आणि खऱ्या मारहाणीची गोष्ट त्या गर्दीत पातळ होते. ज्याने मारलं आणि ज्यांनी उभं राहून बघितलं, तेवढंच लिहावं, तारखेनिशी.

काका, दोनदा परत सोडल्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देता. मी तो पुसू शकत नाही, आणि तुम्हाला आणखी टोचायचंही नाही. पण कोर्टात एक प्रश्न हमखास येणार आहे. इतका त्रास होता तर ती परत का गेली? समोरचा वकील तो पुन्हा पुन्हा विचारील, त्यातून काही घडलंच नव्हतं असं दाखवायला. त्याचं खरं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. ‘मी नेऊन सोडली. तिला जायचं नव्हतं.’ हे शपथेवर सांगायला तुम्ही तयार आहात का? किती तारखेला नेली, कोण सोबत होतं, ती वाटेत काय म्हणाली, तिच्या अंगावर काय दिसत होतं, आठवेल तेवढं आताच लिहून काढा. चारचौघांत हे बोलणं तुमच्यासारख्या माणसाला किती जड जाईल, याची मला कल्पना आहे. तरी तिच्या बाजूने याहून मोठी साक्ष दुसरी कोणाची होईल असं मला वाटत नाही.

‘संसार मोडल्याचं पाप’ असं तुम्ही लिहिलंय. तो कोणी मोडला हे तुमच्या पत्राच्या पहिल्या चार ओळींत तुम्हीच सांगितलं आहे.

काही गोष्टी लगेच पाहा. कोर्टाची नोटीस पोहोचते त्या दिवसांत राग उफाळतो, म्हणून शाळेत लेखी कळवा की मुलाला आई आणि आजोबांखेरीज कुणाकडे सोडू नये. जावई दारात येऊन आरडाओरडा करू लागला तर वाद घालत बसू नका, ११२ ला फोन करा. तिला एकटीला कुणाशी बोलायचं असेल तर १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, तो क्रमांक तिला तुमच्या नकळतही वापरता यायला हवा. मुलाला काय सांगायचं हे पढवू नका, त्याने पाहिलेलं तो त्याच्या वेळेला बोलेल.

आणि ती ‘नांदायला या’ नोटीस वकिलाची आहे, कोर्टाचा हुकूम नाही. पोलीस येऊन तिला ओढून नेतील ही भीती काढून टाका. पुढे त्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली बायकोला नांदायला आणण्याचा दावा लावला आणि जिंकलाही, तरी तिला उचलून कुणी त्या घरात ठेवू शकत नाही. आणि तसा हुकूम असूनही न जाणाऱ्या बायकोची पोटगी आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण नोटिशीला उत्तर न देता गप्प बसू नका. ती विनाकारण घर सोडून गेली असं त्यात लिहिलेलं असणार, आणि तुमच्या गप्प बसण्याचा तसाच अर्थ लावला जाईल. मारहाणीमुळे बाहेर पडावं लागलं, हे उत्तरात आलंच पाहिजे. नोटिशीच्या शेवटी उत्तराची मुदत दिलेली असते, ती तारीख बघून ठेवा. त्याच्या आत मुलीला घेऊन विधी सेवेच्या कार्यालयात जा, आणि तिथे पहिलं वाक्य तिला बोलू द्या.